प्रगतिपुस्तकातला ‘क-१’ नेमकं काय सांगतो?

१ मेचं झेंडावंदन आटोपलं की आमच्या शाळेत निकाल वाटतात. वीस-बावीस वर्षं मी ते काम करते आहे. काही वर्षांपूर्वी सहावीतल्या एका मुलीच्या वडिलांनी प्रगतिपुस्तक उघडलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “बाई, गणितात क-एक म्हणजे चांगलं का वाईट?”

मी म्हणाले, “बरं आहे. सराव वाढवायला हवा.”

त्यांनी मान हलवली आणि ते लेकीला घेऊन गेले. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण त्यातून त्यांच्या हाती काहीच लागलं नाही. खरी गोष्ट मला डिसेंबरपासून ठाऊक होती. ती मुलगी भागाकार उत्तम करायची, फक्त भागाकारात शून्य आला की गडबडायची. ६१८ ला ६ ने भागायला सांगितलं की १०३ ऐवजी १३ लिहायची. मधला शून्य गिळून टाकायची. त्या एका चुकीमुळे तिचे दशांश अपूर्णांक चुकत, सरासरी चुकत, शेकडेवारी चुकत होती. चूक एकच होती आणि ती आठवडाभरात सुटण्यासारखी होती. प्रगतिपुस्तकात मात्र क-१ छापलं गेलं, आणि सुट्टी लागली.

तो क-१ कसा तयार होतो, त्यात काय हरवतं आणि तो लिहिणाऱ्या माणसावर कसली ओझी असतात, हे पालकांना कुणी नीट सांगत नाही.

श्रेणी कुठून येते

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. या कायद्याने दोन गोष्टी केल्या. कलम १६ नुसार आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही. आणि कलम २९ नुसार मुलाला किती समजलं हे वर्षभर, सर्व अंगांनी पाहत राहायचं. त्यातूनच महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय आला आणि ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ सुरू झालं. शिक्षकांच्या बोलण्यात ते ‘सीसीई’ असतं.

त्याचे दोन भाग आहेत. एक आकारिक, दुसरा संकलित. ‘आकारिक’ हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात आकार आहे. कुंभार चाकावरून उतरवलेलं ओलं मडकं आतून हाताचा आधार देऊन बाहेरून थापटतो, कुठे जाड राहिलं, कुठे पातळ झालं ते बघत जातो. ते झालं आकारिक. मडकं भाजून झाल्यावर टिचकी मारून आवाज ऐकणं हे संकलित. थापटताना दिसलेला दोष दुरुस्त करता येतो, टिचकी मारताना कळलेला नाही.

आकारिक मूल्यमापनासाठी आठ साधनं ठरवलेली आहेत. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही त्यातली प्रमुख. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. दोन्हींचं वजन इयत्तेप्रमाणे बदलतं. पहिली-दुसरीला आकारिक ७०, संकलित ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं-निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. यामागचा विचार मला आजही पटतो. लहान मुलाला कमीत कमी परीक्षा आणि जास्तीत जास्त निरीक्षण, मग हळूहळू लेखी परीक्षेची सवय.

दोन्हींची बेरीज शंभरपैकी होते आणि त्या बेरजेला अक्षर मिळतं. ९१ आणि त्यावर अ-१, ८१ ते ९० अ-२, मग दहा-दहाच्या पायऱ्यांनी ब-१, ब-२, क-१, क-२, ३३ ते ४० ला ड, आणि त्याखाली इ-१, इ-२. म्हणजे ‘क-१’ चा अर्थ एवढाच, की त्या मुलीची बेरीज ५१ ते ६० च्या मध्ये कुठेतरी आहे.

श्रेणी आणण्यामागचा हेतू चांगला होता. ७८ आणि ७९ गुणांच्या मुलांत खरं म्हणजे काहीच फरक नसतो, तरी त्या एका गुणावरून घरात रडारड होते. श्रेणीने ती चुरस थांबेल अशी अपेक्षा होती. पण पायऱ्या पाडल्या की कडा तयार होतात. ५१ गुण आणि ६० गुण एकाच खणात जातात, ६० आणि ६१ मात्र वेगळ्या खणांत. नऊ गुणांचा फरक दिसेनासा होतो आणि एका गुणाचा फरक ठळक छापला जातो. म्हणून वर्गातल्या ज्या मुलाला ६० पडतात, त्याला बहुतेक शिक्षक ६१ करतात. मीही केले आहेत.

यापेक्षा मोठी अडचण बेरजेतच आहे. दोन मुलांना गणितात ५४ गुण आहेत असं धरू. एकाला भूमिती डोळे मिटून येते, अपूर्णांक अजिबात येत नाहीत. दुसऱ्याला सगळं थोडंथोडं येतं, पण शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही, कारण त्याचं मराठी वाचनच अडखळतं. या दोघांना पूर्णपणे वेगळी मदत हवी आहे. एकाला गणिताचा तास, दुसऱ्याला चक्क वाचनाचा. प्रगतिपुस्तकात दोघांना क-१.

मग वर्णनात्मक नोंदी कशासाठी आहेत?

बरोबर आहे, व्यवस्थेने याचा विचार केला होता. श्रेणीच्या बरोबरीने प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयात वर्णनात्मक नोंद करायची असते. शिवाय विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक असे रकाने असतात. माझ्या त्या विद्यार्थिनीचा शून्य खरं तर ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात यायला हवा होता.

आता हिशेब करू. वर्गात ४० मुलं, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण धरून ९ विषय. एका सत्रात ३६० नोंदी, वर्षाला ७२०. एका नोंदीला मुलाची वही आठवून, विचार करून फक्त तीन मिनिटं दिली, तरी ३६ तास होतात. हे नुसतं लिहिण्याचं झालं, त्यासाठी वर्षभर करायचं निरीक्षण वेगळं. कायद्याप्रमाणे प्राथमिकला ३० मुलांमागे आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा, पण हे प्रमाण कागदावर जुळलं तरी वर्गात जुळेलच असं नाही. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात आणि तिथे सगळ्या इयत्तांचे सगळे विषय त्याच दोन माणसांचे.

म्हणून काय झालं? तयार नोंदींची पुस्तकं बाजारात आली. पुढे पीडीएफ आल्या, त्या व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरू लागल्या. “उदाहरणे अचूक सोडवतो.” “वर्गात लक्षपूर्वक ऐकते.” “चित्रांत आकर्षक रंग भरतो.” राज्यभरातल्या किती मुलांच्या प्रगतिपुस्तकांत हीच वाक्यं असतील! मार्चअखेरीला रात्री अकरा वाजता मीसुद्धा त्यातूनच उतरवलेलं आहे, आणि उतरवताना त्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे येत असल्याने मला त्याची लाज वाटत राहिली. जी नोंद मुलाला मदत करण्यासाठी होती, ती तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी होऊन बसली. रकाना भरलेला हवा, एवढंच उरलं.

शिक्षकांना वेळ का नसतो, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला नेहमी पडतो. साडेपाच-सहा तास शाळा, मग बाकी दिवस काय करता? करतो ते असं. शालेय पोषण आहार किती मुलांनी घेतला, तांदूळ किती लागला, याची रोजची ऑनलाइन नोंद. यू-डायस या देशभरातल्या शाळांच्या नोंदणी प्रणालीवर भरायची माहिती. मुलांचं आधार आणि अपार आयडी, म्हणजे प्रत्येक मुलाचा शैक्षणिक ओळख क्रमांक, जुळवणं, ज्यात एका मुलाच्या नावातल्या वेलांटीपायी तीनदा तालुक्याला फोन करावे लागतात. मतदार यादीचं बीएलओचं काम. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना दुसरं बिगरशैक्षणिक काम देऊ नये. पण ऑनलाइन माहिती भरणं हे काम मानलंच जात नाही. ते ‘फक्त पाच मिनिटांचं’ असतं. अशी पाच मिनिटं दिवसात वीसदा येतात, आणि बहुतेक वेळा रेंज नसताना.

२०२३-२४ पासून त्यात नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांची भर पडली. वर्षातून तीनदा, प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. राज्यभर एकच प्रश्नपत्रिका. तपासायच्या शिक्षकांनी, आणि गुणही त्यांनीच ऑनलाइन भरायचे. चाचणीमागची कल्पना वाईट नाही. कुठल्या जिल्ह्यात कुठला घटक कच्चा आहे हे राज्याला कळायलाच हवं. पण ती माहिती वर चढते तितक्या वेगाने खाली उतरत नाही. मुलाने कुठला प्रश्न का चुकवला हे शिक्षकाला पेपर तपासतानाच कळलेलं असतं. त्यानंतरचा वेळ त्या मुलाला बाजूला घेऊन बसण्यासाठी हवा, आणि नेमका तोच वेळ आकडे चढवण्यात जातो.

एकच पेपर, वेगवेगळे गुण

गुण हा मोजमापासारखा दिसतो, म्हणून आपण त्यावर वजनकाट्यासारखा विश्वास ठेवतो. अमेरिकेत १९१२ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी एक साधा प्रयोग केला. इंग्रजी विषयाच्या उत्तरपत्रिकेच्या हुबेहूब प्रती काढून वेगवेगळ्या शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांनी तपासलेल्या एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. भाषेचा विषय आहे, असं होणारच, असं कुणी म्हणेल म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर घेतला. तिथली तफावत आणखी मोठी निघाली. कुणी रीतीला गुण देतो, कुणी फक्त उत्तराला, कुणी खाडाखोडीचे कापतो.

हे शंभर वर्षांपूर्वीचं आणि परदेशातलं असलं, तरी पेपर तपासलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. निबंधांचा गठ्ठा तपासताना अतिशय सुंदर निबंधानंतर आलेला साधा निबंध आहे त्यापेक्षा फिका वाटतो. चाळिसाव्या पेपराला माझा हात विसाव्या पेपरासारखा चालत नाही. अक्षर चांगलं असलं की चूक माफ होते. आणि स्वतःच्या वर्गातलं मूल असेल तर नाव वाचल्याबरोबर अर्धा निर्णय झालेलाच असतो. दहावी-बारावीला मंडळ यावर काही उपाय करतं. परीक्षकाने तपासलेल्या पेपरांतले काही नियामक पुन्हा पाहतो, त्याच्यावर मुख्य नियामक असतो, आदर्श उत्तरपत्रिका ठरवलेली असते. हवी असेल तर छायाप्रत मिळते, पुनर्मूल्यांकन मागता येतं. पहिली ते नववीत असं काही नसतं. तिथे एक शिक्षक, एक लाल पेन आणि संध्याकाळचे दोन तास.

वीस गुणांची गोष्ट

मूल्यमापनाचं नेमकं दुखणं समजून घ्यायचं असेल, तर आपल्याच दहावीच्या निकालाची काही वर्षं क्रमाने पाहावीत.

दहावीला बहुतेक विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण शाळेच्या हातातले, तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. या विसाला सर्रास सतरा-अठरा मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. अठरा मिळाले की पस्तिशी गाठायला लेखीत सतरा पुरतात. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१८-१९ पासून भाषा आणि समाजशास्त्र या विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले, लेखी परीक्षा पूर्ण शंभरची केली. मार्च २०१९ चा निकाल आला ७७.१० टक्के. एका वर्षात बारा टक्क्यांहून जास्त घसरण. मुलं तशीच, शिक्षक तेच.

मग अकरावी प्रवेशाच्या वेळी हलकल्लोळ झाला. सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांना शाळेतले गुण मिळतात, आमच्या मुलांना नाहीत, मग चांगल्या कॉलेजच्या जागा कुणाला मिळणार? पालकांचं चूक नव्हतं. त्याच वर्षी अंतर्गत गुण परत आणले गेले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. २०२१ मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे ३० आणि तोंडी, गृहपाठ, प्रात्यक्षिकाचे २० असे गुण शाळांनी दिले. निकाल ९९.९५ टक्के. शंभर टक्के गुण मिळवणारे २०१९ मध्ये २० विद्यार्थी होते, २०२१ मध्ये ९५७.

त्या वर्षी हे गुण इतके निरुपयोगी ठरले, की अकरावी प्रवेशासाठी वेगळी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, घ्यायचं सरकारने ठरवलं आणि ती ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली.

शाळांनी लबाडी केली असं यावरून म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. समजा, मी प्रामाणिकपणे एका मुलाला वीसपैकी तेरा दिले. शेजारच्या शाळेने तशाच मुलाला एकोणीस दिले. सहा गुणांनी माझा विद्यार्थी अकरावीच्या यादीत शेकडो क्रमांक खाली जातो. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत त्याने का मोजायची? कुस्तीच्या फडात पुढच्या रांगेतला एक जण उभा राहिला, की त्याच्या मागच्या सगळ्यांना उभं राहावं लागतं. दिसतं तेवढंच, जेवढं बसून दिसत होतं, पण बसायची सोय कुणालाच उरत नाही. गुणांचं असंच होतं.

आणि शिक्षकाच्या पोटाचाही प्रश्न त्यात आहे. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदं मिळणार ते ठरतं. निकाल उतरला की पालक मुलं काढून घेतात. पट घटला की पद जातं, शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनाच्या यादीत नाव लागून दुसऱ्या तालुक्यात जाऊन पडतो. विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला तर तेवढाही आधार नाही. नवीन शिक्षकाची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. त्यातच १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा बाकी आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला हवं. माझ्याबरोबरचे पंचेचाळिशी-पन्नाशीतले कितीतरी सहकारी आता स्वतः पहाटे उठून अभ्यासाला बसतात. शिक्षकाची पात्रता तपासायला माझी हरकत नाही. पण ज्या माणसाची नोकरी निकालावर आणि पटावर टांगलेली आहे, त्याच्याच हाती निकालाचं पेन देऊन ‘खरं ते लिही’ म्हणणं फार अवघड मागणं आहे.

सगळ्याच्या मुळाशी माझ्या मते एक गोष्ट आहे. आपण एका आकड्याकडून तीन कामं मागतो. मुलाला पुढे काय शिकायचं ते त्याने सांगावं. अकरावीच्या रांगेत मुलाचा नंबर लावावा. आणि शाळा व शिक्षक कसे आहेत याचा दाखला वरच्या कार्यालयाला द्यावा. पहिल्या कामासाठी चूक उघड व्हावी लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात चूक लपवण्यात सगळ्यांचंच हित असतं, मुलाचं, पालकाचं, शाळेचं आणि माझंही. मग पहिलं काम मागे पडतं, आणि आकारिक मूल्यमापन त्याच पहिल्या कामासाठी जन्माला आलं होतं.

नापास करण्याबद्दल

‘आठवीपर्यंत पास, म्हणून मुलं बिघडली’ हे वाक्य मी एसटीतही ऐकलंय आणि कार्यशाळेतही. मी ते मानत नाही. नापास झालेलं मूल त्याच वर्गात, त्याच पुस्तकाबरोबर, धाकट्या भावंडांच्या वयाच्या मुलांत बसवल्याने शिकत नाही. बऱ्याचदा ते शाळा सोडतं, मुलगी असेल तर लग्नाकडे ढकलली जाते. कायद्याने नापास करणं थांबवलं ते मुलाला जागच्या जागी मदत मिळेल या भरवशावर. नापास करणं थांबलं, मदत मात्र आली नाही. ग्रामीण मुलांना किती वाचता येतं, गणित किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली पाचवीची ४४.८ टक्के मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. पाचवीत येईपर्यंत या मुलांची प्रगतिपुस्तकंही वर्षातून दोनदा भरली गेलीच होती.

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास पूरक मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, त्यातही अपयश आलं तर त्याच वर्गात. पूरक मार्गदर्शन हा शब्द चांगला आहे. पण निकाल मे महिन्याच्या तोंडावर लागतो, पुनर्परीक्षा जूनमध्ये असते. मधल्या सुट्टीत ऊसतोडीहून परतलेल्या किंवा मामाच्या गावी गेलेल्या त्या मुलाला कोण आणि कुठे शिकवणार? शिकवायचं होतं ते डिसेंबरमध्ये, जेव्हा ६१८ भागिले ६ चं उत्तर १३ आलं होतं.

वहीतली एक ओळ

१९८८ मध्ये रूथ बटलर या संशोधक बाईंनी इस्रायलमधल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांवर केलेला एक अभ्यास माझ्या मनात घर करून आहे. काही मुलांना त्यांच्या कामावर फक्त लेखी शेरा दिला, म्हणजे काय जमलं आणि काय सुधारायचं ते. काहींना फक्त गुण. काहींना गुण आणि शेरा दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेली मुलं गुणवाल्यांसारखीच निघाली. गुण दिसला की डोळा तिथेच थांबतो आणि शेरा कुणी वाचतच नाही.

हे वाचल्यानंतर मी एक छोटा बदल केला. रोजच्या वहीवर गुण, तारे, ‘छान’, ‘खराब’ काहीच लिहीत नाही. एक ओळ लिहिते. “भागाकारात शून्य लिहायचा राहतो, पान ४२ चं दुसरं उदाहरण बघ.” सगळ्यांच्या वह्यांत रोज नाही, ते शक्य नाही. दिवसाला सहा-सात मुलं. आठवड्यात वर्ग एकदा फिरून होतो. प्रगतिपुस्तकात अक्षरं लिहायची ती लिहितेच, त्यातून माझी सुटका नाही. पण निकालाच्या दिवशी पालकांपुढे आधी वही उघडते आणि मग प्रगतिपुस्तक.

आता नवीन शैक्षणिक धोरणातून ‘समग्र प्रगतिपत्रक’ येत आहे. त्यात मुलाने स्वतःबद्दल लिहायचं, सोबत्याने त्याच्याबद्दल, पालकांनी आणि शिक्षकांनीही. कल्पनेवर माझा जीव आहे. पण पानं वाढली आणि वर्गातली मुलं, शिक्षक आणि ऑनलाइन कामं तेवढीच राहिली, तर या पत्रकाच्याही तयार पीडीएफ निघतील. म्हणून मला विचाराल तर नवीन नमुन्याच्या आधी दोन गोष्टी हव्यात. माहिती भरायला केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या मध्यवर्ती शाळेत, एक स्वतंत्र माणूस द्यावा. आणि पहिली ते आठवीच्या आकारिक नोंदी तपासणीतून पूर्ण वगळाव्यात, म्हणजे त्या फक्त शिक्षक, मूल आणि पालक यांच्यातच राहतील. कुणी बघणार नाही म्हटल्यावर शिक्षक लिहिणारच नाहीत अशी भीती अधिकाऱ्यांना वाटते. काही जण लिहिणार नाहीतही. पण आज सगळेच लिहितात आणि त्यातलं खरं फारच थोडं असतं.

पालकांनाही एक सांगते. निकालाच्या दिवशी ‘किती पडले’ याबरोबर ‘काय अडतंय’ हेही विचारा. शिक्षकाला त्याचं उत्तर बहुतेक वेळा माहीत असतं, फक्त ते कुणी विचारत नाही.

मागच्या वर्षी असाच एक मुलगा होता, तोच शून्य गिळणारा. त्याची आई निकालाला आली. ती भाजीचा गाडा लावते, शाळेत फारशी गेलेली नाही. मी वही तिच्यापुढे धरली आणि मुलाला म्हटलं, आईला हे उदाहरण समजावून सांग. तो सांगू लागला, सहाशे अठरा रुपये सहा जणांत वाटायचे, प्रत्येकाला तेरा. आई थांबली.

“आरं, सहाशे म्हणजे शंभराची एकेक नोट तर आधीच समद्यांच्या हातात गेली,” ती म्हणाली, “मग तेरा कसं?”

मुलाने वहीकडे पाहिलं आणि माझ्याकडे खोडरबर मागितलं.